दुसऱ्या अध्यायामागची चार पानं

अमीनभाई, मंगळवारी तुम्हाला तीन मुठी माती दिली आणि हात झटकले. झटकताना तळव्यावर तळवा बसला, आवाज झाला, आणि मी तिथेच थबकलो. टाळी वाजली होती. माणसं पुढे सरकत होती, मागून कुणीतरी "गुरुजी, चला" म्हणालं, तरी मी बावळटासारखा स्वतःच्या हातांकडे बघत उभा. टाळी की फुंकर हा आपला दोघांचा वाद होता आणि मी तो दहा वर्षं अर्धवट सोडून दिला होता.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा अर्धा टाकून उठतो, चपला घालतो, तुमच्या दुकानापर्यंत जातो, बंद फळ्या बघतो आणि परत येतो. बायको म्हणाली, "तिथं आता काय ठेवलंय?" मी म्हणालो, पाय मोकळे करायला जातो. खरं म्हणजे मी तुमची माफी मागायला जात होतो. आणि कालपासून भांडायलाही जातोय, कारण काल जे कळलं त्याने मला तुमचा रागच आला. सगळं तुम्हाला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्तच माहीत होतं. तरी मला ते एकदा पहिल्यापासून सांगू द्या. सांगितल्याशिवाय माझ्या या फेऱ्या थांबायच्या नाहीत.

मुंबईत दंगली झाल्या त्या हिवाळ्यानंतर आपल्या जुन्नरला शांतता समिती निघाली. मला ख्रिस्ती म्हणून बोलावलं, तुम्हाला मुसलमान म्हणून. त्याआधी कित्येक वर्षं मी पिंपळवंडीच्या शाळेत जायला रोज तुमच्या दुकानावरून एसटी स्टँडकडे जायचो, पण ओळख नव्हती. स्टेजवर आपल्याला शेजारी बसवलं, गळ्यात सारखेच हार घातले. एक साहेब उठले आणि सगळे धर्म एकच सांगतात हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. तुम्ही माझ्याकडे न बघता पुटपुटलात, "एकच सांगत्यात तर दोन खुर्च्या कशाला मांडल्या? एकावर भागलं असतं." मला हसू आवरेना. हार तोंडावर धरून बसलो. आपली दोस्ती त्या हसण्यापासूनची.

तुमचं बायंडिंगचं दुकान म्हणजे पुढची खोली, मागे घर. शाळेची रजिस्टरं, वकिलांची पुस्तकं, भजनी मंडळांच्या पोथ्या, मशिदीतली कुराणं, सगळं तुमच्याकडे यायचं. पण देवाधर्माचं पुस्तक हातात आलं की तुमची तऱ्हा बदलायची. तोंडातलं पान थुंकून चूळ भरायची, हात धुवायचे, चटई झटकून मग बसायचं. कडा कापल्यावर निघालेली कातरणं बाकीच्या कागदांसारखी चुलीत जायची नाहीत. त्यांच्यासाठी खुंटीला एक वेगळी कापडी पिशवी होती. पोथीची कातरणं, कुराणाची कातरणं, आमच्या शास्त्राची, म्हणजे बायबलची कातरणं, सगळी त्याच पिशवीत, आणि वर्षातून एकदा ती कुकडीच्या पाण्यात सोडायची. मी चिडवलं, पिशवीत तरी सगळे धर्म एक झाले की. तुम्ही खळ ढवळता ढवळता म्हणालात, "कातरणावर अक्षर नसतंय गुरुजी. भांडण हाय ते अक्षराचं." कसर लागू नये म्हणून त्या खळीत घातलेल्या मोरचुदाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

बाजाराच्या दिवशी बोरीचे ज्ञानोबा येऊन टेकायचे. घरची पोथी बांधायला म्हणून आले होते, ती बांधून झाली, तरी यायचे राहिले नाहीत. मेंढरं राखलेला माणूस, गोष्ट ऐकताना मध्येच असं काही विचारायचा की गोष्ट तिथेच राहायची. तुम्ही कुराणातली गोष्ट सांगितलीत, देवासाठी गाव सोडून गुहेत लपलेले तरुण, शेकडो वर्षं झोपलेले, आणि दाराशी पाय पसरून बसलेलं त्यांचं कुत्रं. सांगताना तुम्ही डोंगरातल्या लेण्यांकडे बोट केलंत, जणू ते तिथेच झोपलेत. ज्ञानोबा म्हणाले, "कुत्रं एवढं थांबलं म्हणता? मंग त्यातला एक तरी मेंढक्या असणार. दुसऱ्याचं कुत्रं न्हाई थांबत." मी माझी विद्वत्ता पाजळली, की ही गोष्ट मूळची जुन्या ख्रिस्ती लोकांची, कुठेतरी वाचलंय मी. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. "असंल," म्हणालात. "गोष्टीला बी पाय असत्यात."

मरियमची गोष्टही तशीच. आमच्यात गोठा, तुमच्यात खजुराचं झाड. तुमची मरियम एकटीच झाडाच्या बुंध्याला धरून कळा सोसते हे ऐकून ज्ञानोबा अस्वस्थ झाले. "बाईमाणूस एकटं? पाणी द्यायला बी कुणी न्हाई?" तुम्ही म्हणालात, "पायाखाली झरा लागला. झाडानं खजूर दिलं." तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला. मी मग आमच्यातले मेंढपाळ सांगितले, देवदूतांनी जन्माची बातमी पहिल्यांदा ज्यांना दिली ते. ज्ञानोबा एकदम खूश. "आमच्या लोकांना आदी कळालं, ह्ये लई बेस झालं." त्या दिवशी चहा त्यांनी मागवला.

आणि एकदा तुम्ही पाखरांची गोष्ट सांगितलीत. ईसा, म्हणजे आमचा येशू, मातीचं पाखरू करतो, त्यात फुंकर घालतो आणि अल्लाच्या हुकमाने ते जिवंत होतं. मी म्हणालो, हे आमच्यात नाही. आमचा प्रभू मोठा होऊन चमत्कार करतो, लहानपणी मातीत खेळत बसत नाही. तुम्ही म्हणालात, "तुमच्यात नसंल. पर कुणाच्यातरी असंल." मला तो शब्द टोचला. मास्तरकीचा माणूस मी, आमच्याबद्दल माझ्यापेक्षा दुसऱ्याला जास्त माहीत आहे असं कुणी सुचवलं की माझं डोकं फिरतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी आजोबांचं शास्त्र तुमच्याकडे आणलं. आजोबा उपदेशक, पारगावपासून घोडनदीच्या काठाकाठाने गावोगाव पायी फिरलेले. त्यांच्या शास्त्राची पाठ तुटली होती, पानं सुटली होती, मी ते एका जुन्या धोतराच्या फडक्यात गाठोडं बांधून आणलं. पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांनी आमच्या घरातले जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले आहेत, ठळक, वळणदार अक्षरात. तुम्ही ते पान बराच वेळ वाचलंत. नाताळच्या आदल्या दिवशी नवं कापड चढवून माझ्या हातात दिलंत. मी उघडून बघितलंसुद्धा नाही, नुसता वास घेतला आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचायची पाळी माझी होती. मी ऐटीत ते नवं बांधलेलं शास्त्र घेऊन उभा राहिलो. जन्म झाला, मेंढपाळ येऊन गेले, मी पान उलटलं आणि त्याच सुरात वाचत गेलो. पाच वर्षांचा येशू ओढ्याकाठी चिखलाच्या चिमण्या करत होता. हे वाक्य तोंडातून पूर्ण बाहेर पडल्यावर माझ्या डोळ्यांना दिसलं की हे छापील नाही. शाईने लिहिलेलं, बारीक, घाईचं अक्षर. मग मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. पाळकसाहेबांनी बाहेर पडल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, हे कुठल्या धर्माचं वाचलंत?" मला त्या वेळी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

सव्वीस तारखेला मी तुमच्या दुकानात काय बोललो ते मला शब्दन्शब्द आठवतं. ज्ञानोबा बसलेले होते, शेजारचा चहावाला होता, कुणी दोघे रजिस्टरं न्यायला आलेले. मी शास्त्र तुमच्या पुढ्यात आपटलं. "ही पानं कुणाची?"

"तुमच्याच गठुड्यातली."

"आमच्या शास्त्रात ही गोष्ट नाही. ही तुमची गोष्ट आहे. तुम्हीच मला सांगितलीत आणि तुम्हीच यात घुसडलीत."

तुम्ही चिडला नाहीत. हात धुतलेत, हो, तेव्हासुद्धा आधी हात धुतलेत, मग पान उघडलंत. "गुरुजी, मी पानं बांधतो, घालत न्हाई. ही भोकं बघा. ह्या पानांची आन शेजारच्या छापील पानांच्या फर्म्याची भोकं जुळत्यात. आदी कुणीतरी हितंच शिवली व्हती. मी शिवणीवर शिवण घातली."

"भोकं काय, कुणालाही पाडता येतात."

हे मी म्हणालो, अमीनभाई. तीस वर्षं सुई धरलेल्या माणसाला म्हणालो.

तुम्ही तरी शांत. "वाचून तरी बघा. ह्यात पोरगं टाळी वाजवतंय आन चिमण्या उडत्यात. आमच्यात टाळी न्हाई, फुंकर हाय. मला घुसडायचीच असती तर मी माझी नसती का घातली?"

कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. ज्ञानोबासुद्धा म्हणाले, "गुरुजी, बरुबर बोलत्यात ते." पण माझ्या कानात ते खुदकन हसणं वाजत होतं. मी ओरडलो, "ज्याने हे लिहिलं तो खोटारडा. माझ्या घरात असला माणूस जन्मला नाही."

तुम्ही तोंड उघडलंत. शास्त्राचं पहिलं पान उलटून बघितलंत, जन्ममृत्यू लिहिलेलं. मग माझ्याकडे बघितलंत आणि तोंड मिटलंत. मला वाटलं, सापडलेला माणूस गप्प बसला. मी म्हणालो, काढा ती पानं. तुम्ही टोचा घेऊन दोरा एकेक टाका उसवलात, चार पानं बाजूला ठेवलीत, पुन्हा शिवून शास्त्र माझ्या हातात दिलंत.

वर्षभर मी दुसऱ्या रस्त्याने स्टँडवर जायचो. मग एकदा तुम्हीच रस्त्यात गाठून म्हणालात, "चहा तर प्या, राव." मी आलो. पुन्हा येऊ लागलो. पण पूर्वीसारखं राहिलं नाही. आपण पाऊसपाणी बोलायचो, मुलांच्या नोकऱ्या बोलायचो, निवडणुका बोलायचो. मरियम, ईसा, गुहेतलं कुत्रं, सगळं हद्दपार. ज्ञानोबा एकदा म्हणाले, "आता काय मजा न्हाई तुमच्यात," आणि तेही कमी यायला लागले.

आता ती गोष्ट, जी तुम्हाला सांगायची राहिली. पाचेक वर्षांपूर्वी आई गेल्यावर मी तिची ट्रंक आवरत होतो. तळाशी आजोबांच्या प्रवचनांची वही निघाली. उघडली तर बारीक, घाईचं अक्षर. मी ओळखलं. खरं तर दुकानात त्या दिवशीही ओळखलं असतं, ओळखायची इच्छा असती तर. एका पानावर आजोबांनी लिहून ठेवलंय की पारगावच्या एका मोमिनाने त्यांना कुराणातली मातीच्या पाखरांची गोष्ट सांगितली. आजोबांनी मिशनच्या साहेबाला विचारलं. साहेब म्हणाले, पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांत प्रभूच्या बाळपणाची एक पोथी होती, तिच्यात हे आहे, मंडळीने, म्हणजे चर्चने, ती शास्त्रात घेतली नाही. साहेबाने इंग्रजीतून वाचून दाखवली आणि आजोबांनी मराठीत उतरवून घेतली. खाली लिहिलंय, की हे शास्त्र नव्हे, पण मोमिनाकडे पुन्हा जाईन तेव्हा बोलायला आपल्याकडे काही असावं.

म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. कुणाच्यातरी होती. आणि माझे आजोबा त्या मोमिनाच्या ओसरीवर बसून तेच करत होते जे आपण तुमच्या दुकानात करत होतो, फक्त ते माझ्यापेक्षा शहाणे होते. ऐकलं की आधी विचारायला गेले. मी ओरडायला गेलो.

पाच वर्षं ती वही माझ्या कपाटात होती. मी ती पिशवीत घालून किती वेळा निघालो, विचारू नका. एकदा दुकानात गर्दी होती. एकदा ईद होती, म्हटलं सणाला कशाला. एकदा तर तुम्ही एकटे होतात, समोर बसलो, पिशवी मांडीवर, आणि उठून आलो. तुमच्याशी बोलायचं तर सोपं होतं. पण मी चौघांसमोर तुम्हाला खोटं ठरवलं होतं, म्हणजे चौघांसमोरच ते परत घ्यायला हवं होतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती. हे असं सरळ आहे. बाकी सगळ्या सबबी.

मागच्या महिन्यात नारायणगावच्या दवाखान्यात मी तुमच्या खाटेशी बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "गुरुजी, काय बोलायचं राह्यलंय का?" मी म्हणालो, "यंदा टोमॅटोला भाव नाही." तुम्ही डोळे मिटून हसलात. मी त्या हसण्याचा अर्थ आजारपण असा लावला आणि संध्याकाळच्या एसटीने परत आलो.

काल तुमची तिसऱ्या दिवसाची जियारत होती. दुवा झाली, माणसं चटईवर बसली होती, ज्ञानोबा काठी टेकत बोरीहून आले होते. तुमची थोरली लेक नसीम बाहेर आली आणि माझ्या हातात एक पुडकं दिलं. भाभी आतून पडद्याआडून म्हणाल्या, "गुरुजी, ते तुमचं हाय."

जाड कागदात बांधलेलं, दोऱ्याला मेण लावलेलं. वर तुमच्या अक्षरात लिहिलेलं: गुरुजींच्या आजोबांच्या हातची पाने. पहिल्या पानाशी ताडून पाहिली, अक्षर घाईचे पण वळण तेच. पिशवीत टाकू नये.

मी विचारलं, "हे कधी बांधलं त्यांनी?"

"त्याच दिवशी," भाभी म्हणाल्या. "मी बोलले, आत्ताच्या आत्ता नेऊन द्या, दाखवा त्यांना. तर बोलले, आता दाखवलं तर चारचौघांत गुरुजी स्वतःच्या आजोबाला खोटारडा बोलले असं होईल. त्यांच्या घरात त्यांनाच सापडू दे. सापडलं की येतील."

अमीनभाई, मला तुमचा राग येतो तो यासाठी. तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं. एक वाक्य बोलला असतात तर मी तिथल्या तिथे तुमच्या पायावर आडवा झालो असतो. तुम्ही माझी लाज राखायला दहा वर्षं स्वतःवरचा आळ अंगावर वागवलात. आणि मी दुकानात आलो की तुम्ही आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे का बघायचात, ते मला काल कळलं. मला वाटायचं, खाऊ आणलाय का बघताहेत. तुम्ही माझ्यावर असा विश्वास टाकायला नको होता. मी त्या लायकीचा नव्हतो. एकदा तरी म्हणायला हवं होतंत, गुरुजी, चुकलात.

मग मी उभा राहिलो. तिथे पंचवीसेक माणसं असतील. माझा आवाज शाळेत चालायचा तसा चालेना. मी म्हणालो, ती पानं माझ्या आजोबांची होती. अमीनभाईंनी घातली नव्हती. मी खोटं बोललो होतो, आणि खरं काय ते पाच वर्षांपूर्वी कळूनही गप्प बसलो. एवढंच जमलं. नव्या पिढीतल्या निम्म्यांना कसली पानं हेच ठाऊक नव्हतं.

ज्ञानोबांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "बरं केलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पर गुरुजी, म्हैनाभर आदी बोलला असता तर त्यास्नी ऐकाय आलं असतं."

ते मला समजूत घालायला म्हणाले नव्हते, हे मला चांगलं कळलं. रात्रभर तेच ऐकत होतो.

आज सकाळी मी आजोबांचं शास्त्र घेऊन दुकानात गेलो. नसीमने फळ्या काढल्या. मी हात धुतले, चूळ भरली, चटई झटकली. पुडक्यावर धूळ होती, ती फुंकरीने उडवली आणि क्षणभर हसू आलं. टाळी झाली, फुंकरही झाली, आणि तुम्ही काही परत आला नाहीत. लूकच्या दुसऱ्या अध्यायात पान उघडलं. तुमची भोकं, त्याच्या आधीची आजोबांच्या काळातली भोकं, सगळी एकावर एक. नसीमने दोऱ्याला मेण लावून सुई ओवून दिली. चार पानं शिवायला मला तासभर लागला. तुम्ही ते चहा निवायच्या आत केलं असतं.

नाताळला मी हेच शास्त्र घेऊन उभा राहणार आहे. पान उलटलं की थांबेन आणि सांगेन की हे शास्त्र नव्हे, हे माझ्या आजोबांनी एका मोमिनाशी बोलण्यासाठी लिहून घेतलं, आणि अमीनभाई बायंडरांनी जिथल्या तिथे बांधलं. पाळकसाहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

शेवटची गाठ सैल बसली आहे. नसीम म्हणाली, "अब्बा असते तर उसवायला लावलं असतं. परत घाला." मी म्हणालो, नको. एकदा मी हे उसवायला लावलं होतं.